राईच्या पाठीवरची गादी

"अगं झिपरे, ती गादी आहे, चादर नव्हे झटकायला!"

मावशीचा आवाज ऐकून झिपरीने हात आवरला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. राईने मान ताडकन वर केली, नाकपुड्या फुगवल्या आणि दोर धरून उभ्या असलेल्या वकिलाला फरफटत ती थेट रिंगणाच्या कठड्यापर्यंत मागे गेली. वाळूत वकिलाच्या टाचांच्या दोन लांबलचक रेघा उमटल्या.

"माझी हरकत आहे!" वकील धापा टाकत म्हणाला. "मी दोर धरायला कबूल झालो होतो, नांगर व्हायला नाही!"

कठड्यावर बसलेली टिंगू खी खी करून हसली.

वकील हा झिपरीचा भाऊ, तिच्याहून वर्षाने मोठा. कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, म्हणून वकील. झिपरीला झिपरी का म्हणतात, हे तिचे केस पाहिले की कुणाला विचारावं लागत नसे. आणि टिंगू म्हणजे मावशीची मुलगी, दहा वर्षांची, बोलायला कमी आणि बघायला जास्त. दर सुट्टीत झिपरी आणि वकील मावशीकडे यायची, कारण मावशीचा घोड्यांचा तबेला होता. घोडेवाली मावशी काय सगळ्यांच्या नशिबात असते?

तबेल्यातली सगळ्यांत हळवी घोडी म्हणजे राई. रंगाने तांबूस, अंगाने सडपातळ. कातडी इतकी पातळ, की माशी बसली तरी अंगभर शिरशिरी उठायची. कागद उडाला, दचकली. बादली वाजली, दचकली. राईचा पर्वत करते म्हणून नावच राई पडलं. लाकडी सांगाड्याचं खोगीर तिला सोसलं नव्हतं. मानेच्या मुळाशी ते घासून घासून मोठी जखम झाली होती. जखम भरून आली, पण घोड्यांच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, हिच्या पाठीवर पुन्हा कडक खोगीर नको.

म्हणून मावशीने ही नवी गादी आणली होती. वरून जाड कापड, मध्ये स्पंज, खालून दाट मऊ लोकर. पोटाखालून आवळायला एक तंग आणि पुढे धरायला एक पट्टा. संपलं. ना सांगाडा, ना पाय ठेवायच्या रिकिबी.

"ही कसली खोगीरभरती आणलीत, बाई?" सर म्हणाले. सर म्हणजे तबेल्यावर येणाऱ्या मुलांना घोडेस्वारी शिकवणारे. मिशा टोकदार, पाठ त्याहून ताठ. "रिकिबी नाहीत, काही नाही! मुलं बटाट्यांसारखी घरंगळतील."

"घरंगळली तर वाळूतच घरंगळतील," मावशी म्हणाली. "तुम्ही बसा ना सर, कधीचे उभे आहात."

"शिकवणाऱ्याने बसायचं नसतं!" सर म्हणाले आणि आणखी ताठ झाले.

झिपरीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिने गादीची घडी पोटाशी धरली आणि ती राईकडे न बघता नुसतीच शेजारी जाऊन उभी राहिली. राईने लांबूनच मान ताणून वास घेतला. फुर्र केलं. पुन्हा वास घेतला. मग झिपरीने घडी तिच्या मानेवरून हळूच फिरवली, खांद्यावरून फिरवली, पाठीवर टेकवली आणि लगेच उचलली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली.

"ठेव की एकदाची!" वकील कुजबुजला.

"गप रे! तुला कुणी अंगावर असं काही टाकलं तर चालेल का?"

"मला विचारून टाकलं तर चालेल."

"मग तेच तर करतेय. विचारतेय!"

तंगाचं बक्कल गार होतं. मावशीने ते आधी मुठीत धरून कोमट केलं, मगच राईच्या पोटाला लागू दिलं. तंग एका भोकाने आवळला, रिंगणाला एक फेरी मारली, मग आणखी एका भोकाने. राईचा एक कान पुढे, एक मागे. शेवटी मावशीने झिपरीच्या पायाला आधार देऊन तिला वर उचललं. झिपरी आधी पोत्यासारखी आडवी पडली, खाली उतरली, पुन्हा आडवी पडली आणि मग हळूच पाय पलीकडे टाकून बसली.

राई हलली नाही.

"मावशी!" झिपरी हळू आवाजात म्हणाली. "तिचा श्वास माझ्या पायांना कळतोय!"

खोगिरात असं कधी होत नसे. राईची पाठ ऊबदार होती आणि पाऊल टाकताना कुठला पाय उचलला जातोय, ते झिपरीला बसल्या जागी समजत होतं. डावीकडे वळावं असं नुसतं मनात आलं, मान थोडी वळली, की राई वळलीच! दुडक्या चालीत मात्र झिपरी एका बाजूला घसरली. तिने आयाळ घट्ट धरली, तशी राई आपणहून थांबली आणि ती सावरून बसेपर्यंत थांबून राहिली.

"पाहिलंत, सर?" मावशी म्हणाली.

"एका दिवसाचं काय घेऊन बसलात," सर मिशीत पुटपुटले.

गाजर खाणाऱ्या राईचं नाक चोळत मावशीने मग मुलांना खरं काय ते सांगितलं. लाकडाच्या वखारीचे मालक राईला मागत होते. पाठीवर कुणाला घेत नसेल, तर निदान गाडीला जुंपू द्या, म्हणत होते.

"गाडीला? राईला?" झिपरी ओरडलीच.

"खूप महिने ती नुसती उभी आहे, बाळा. इथे प्रत्येकाला काम करावंच लागतं, मलासुद्धा. लहान मुलांच्या वर्गाला मला एक शांत घोडी हवी आहे. या गादीवर ती तयार झाली तर राहील. वखारवाले काका शनिवारी संध्याकाळी येताहेत. तोवर बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर गादी पुन्हा बाहेर आली. आज राईने नुसता एकदा वास घेतला आणि उभी राहिली. तंग आवळला, गप्प. फेरी मारली, गप्प. झिपरीला तर शीळ घालावीशी वाटत होती! मावशीने तिला वर उचललं, तिने पाय पलीकडे टाकला आणि बूड टेकवलं.

राईची पाठ एकदम खाली दबली. कान मागे चिकटले. पुढच्या क्षणी ती गर्रकन फिरली, मागचे पाय हवेत झाडले आणि झिपरी वाळूत आदळली.

"झिपरे!" मावशी धावली. "हलू नकोस! बोटं हलव आधी. आता मान. कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," झिपरी तोंडातली वाळू थुंकत म्हणाली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं होतं. "तिला काय झालं?"

राई रिंगणाच्या टोकाला थरथरत उभी होती. वकिलाने तिला कसंबसं धरून आणलं. मावशीने गादी सोडली, उलटी केली, लोकरीवरून तळहात फिरवला. मऊच्या मऊ. सरांनीही हात फिरवला.

"गादीत दोष नाही, बाई. दोष तिच्या डोक्यात आहे," ते म्हणाले. "ठार वेडी आहे ही घोडी."

मावशीने गादी खांद्यावर टाकली. मग म्हणाली, "पोरांची हाडं मी पणाला लावणार नाही. उद्या काकांना हो म्हणून टाकते."

त्या रात्री झिपरी अर्ध्या जेवणावरून उठून राईजवळ जाऊन उभी राहिली. पडल्याचं दुःख तिला नव्हतंच.

शनिवारी सकाळी मावशी छोटा टेम्पो घेऊन गावात पेंड आणायला गेली. येताना ती वखारवाल्या काकांना घेऊनच येणार होती. इकडे गवताच्या कोठारात, गठ्ठ्यांवर बसून तिघांची सभा भरली.

"ती वेडी नाही," झिपरी म्हणाली. "मी घसरले तेव्हा माझ्यासाठी थांबली होती ती!"

"भावना बाजूला ठेवा," वकिलाने गवताची काडी दातात धरली. "घोडी तीच. स्वार तोच. गादी तीच. मग एका दिवसात बदललं काय?"

"गादी घातली तेव्हा ती गप्प होती," टिंगू म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. टिंगू आपणहून बोलली की ऐकून घ्यावं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"चालली तेव्हाही गप्प होती. ताई बसल्यावरच उडाली. कान त्याच्या आधी नाही पडले, नंतर पडले."

"म्हणजे वजन पडल्यावर!" वकील उठून उभा राहिला. "म्हणजे एकतर तिची पाठ दुखतेय, नाहीतर..."

पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. तिघंही राईच्या ठाणावर पळाली. झिपरीने तिच्या पाठीवरून आधी बोटं दाबत नेली, मग तळवे, मग कोपर टेकवून चांगला भार दिला. राईने डोळे अर्धवट मिटले आणि खालचा ओठ लोंबता सोडला.

"घोडी निर्दोष!" वकिलाने जाहीर केलं. "आता गादीला हजर करा!"

खोगिरांच्या खोलीत गादी खुंटीवर होती. टिंगू दारातच थांबली.

"उलटी आहे."

"म्हणजे?"

"आई लोकर भिंतीकडे करून टांगते. धूळ बसू नये म्हणून. काल रात्री तिनेच टांगली, मी होते. आता लोकर बाहेर आहे."

"म्हणजे आज सकाळी कुणीतरी काढली होती!" झिपरीचे डोळे चमकले.

त्यांनी गादी काढून जुन्या पेटीवर पसरली. लोकरीत हात फिरवला. मऊ! बोटं खुपसली. मऊ! वकिलाने नाक लावून हुंगलंसुद्धा. तेवढ्यात टिंगूने काय करावं? तिने आखूड चड्डी घातली होती. ती सरळ पेटीवर चढली आणि त्या लोकरीवर धपकन बसली.

"आई गं!"

"नाटकं नकोत हं," वकील म्हणाला. "सरक, मला बघू... आई आई आई!"

टिंगूच्या मांडीवर लाल ठिपके उठले होते. हात नुसता फिरला तर काही कळत नव्हतं, पण वजन पडलं, लोकर दबली, की आतून टोचत होतं! तिघांनी लोकर विंचरून, फाकवून पाहिली. काही दिसेना. जे काही होतं ते केसाएवढं बारीक होतं.

"थांबा!" झिपरी कोपऱ्याकडे धावली. घोड्यांना नाल ठोकून झाले की जमिनीवर सांडलेले खिळे गोळा करायला तिथे एक मोठं लोहचुंबक ठेवलेलं असे. लांब दांडा, खाली जाड चकती. झिपरीने ते लोकरीत दाबून इकडून तिकडे ओढलं आणि उलटं केलं.

"चुंबकाला दाढी फुटली!" वकील किंचाळला.

चकतीवर बारीक, जराशा वाकड्या, करड्या तारांचा झुबका उभा होता. नखाएवढ्या लांबीच्या, टोकदार तारा.

झिपरीला हसू आलं नाही. माशी बसली तरी जिची कातडी थरथरते, तिच्या पाठीत हे सगळं घुसलं होतं, तेही झिपरीच्याच वजनाने. "आणि आपण तिला वेडी म्हणत होतो," ती म्हणाली.

"आपण नाही. सर," वकिलाने दुरुस्ती केली. "चला, सांगू या त्यांना!"

सर अंगणात उभ्याउभ्याच डबा खात होते. शेजारी चांगली रिकामी खुर्ची होती.

"सर, गादीत तारा..."

"गादीत तारा आणि डोक्यात वारा!" सरांनी मान वरही केली नाही. "गवताच्या गठ्ठ्याची तार लागली असेल कुठेतरी. बाई येईपर्यंत त्या घोडीच्या जवळपास फिरकायचं नाही. आणि दुपारी ऊन उतरेपर्यंत झोपायच्या खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी येऊन बघणार आहे!"

तिघं खोगिरांच्या खोलीत परतली. पण टिंगूच्या कपाळाला आठी होती.

"सर बसत का नाहीत?" ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात बसायचे."

वकील आणि झिपरीने एकमेकांकडे पाहिलं.

"पुरावा नाही," वकील हळूच म्हणाला. "पुराव्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. दुपारी पाळत ठेवू."

"दुपारी तर आपण कोंडलेले!"

"मग आपल्याऐवजी दुसरं कुणीतरी पाळत ठेवेल." वकिलाची नजर खोलीतल्या फळ्यावर गेली. कुठल्या घोड्याला कधी किती चारा, ते मावशी त्या फळ्यावर रंगीत खडूने लिहीत असे. "गुलाबी चालेल?"

आधी त्यांनी गादी बाहेर नेऊन बडवली, ब्रशने झाडली आणि चुंबक इतक्या वेळा फिरवलं की शेवटी चकती कोरी राहिली. टिंगूने बसून खात्री दिली. मग गुलाबी खडूची वस्त्रगाळ भुकटी लोकरीच्या मुळाशी चोळली. वरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. गादी खुंटीवर जशी होती तशी, लोकर बाहेर करून टांगली आणि तिघं शहाण्या मुलांसारखी झोपायच्या खोलीत जाऊन पडली.

सर खरंच येऊन बघून गेले. थोड्या वेळाने तबेल्याच्या मागून घर्रर्र असा आवाज सुरू झाला. थांबला, पुन्हा सुरू झाला.

"जाऊन बघू का?" झिपरी तळमळत होती.

"हुकूम मोडला तर आपणच आरोपी होऊ," वकील म्हणाला. "झोप!"

झोप कुणालाच आली नाही.

ऊन कललं तसा मावशीचा टेम्पो फाटकातून आत आला. तिच्या शेजारून वखारवाले काका उतरले. भलेमोठे, लाकडाच्या भुशाने भुवया पांढऱ्या झालेले. सर स्वागताला पुढे आले, हात जोडले आणि "या, घोडी दाखवतो," म्हणून पाठ फिरवून चालू लागले.

त्यांची स्वारीची विजार फिक्या पिवळ्या रंगाची होती. तिच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, दोन मोठे गुलाबी गोल उमटले होते.

टिंगूने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"अहो सर," काका भाबडेपणाने म्हणाले, "ओल्या रंगाच्या बाकावर बसलात की काय?"

"मी? मी कशाला बसू? मी बसतच नाही!"

"मावशी, लक्षात ठेव हं!" वकील उडी मारून पुढे आला. "सर म्हणाले, ते बसतच नाहीत! सर, जरा तसेच उभे राहता का? नाही, नाही, वळू नका!"

"हा काय पोरकटपणा आहे?" मावशी म्हणाली, पण तेवढ्यात तिचीही नजर तिथे गेली.

झिपरी गादी घेऊन धावत आली. तिने ती उलटी करून कठड्यावर आपटली, तसा गुलाबी ढग उठला. मग चुंबक. दुपारी टिंगूने बसून तपासलेल्या लोकरीतून पुन्हा तारा निघाल्या, सगळ्यांच्या देखत! एका दमात तिघांनी सगळं सांगून टाकलं. वकील वाक्य सुरू करी, झिपरी तोडी आणि टिंगू मांडीवरचे ठिपके दाखवी.

सरांचा चेहरा आता विजारीच्या मागच्या बाजूसारखा झाला होता.

"सर?" मावशीने शांतपणे विचारलं.

"पडलो होतो," सर जमिनीकडे बघत म्हणाले. "पहाटे, कुणी नसताना. काळ्या घोड्याला कुंपणावरून उडवत होतो. माकडहाडावर आपटलो. शिकवणाराच पडला, असं मुलांना कसं सांगायचं? वेळ मिळेल तेव्हा, बहुतेक दुपारी, मी मागच्या लोखंडी फाटकाचा गंज काढत बसतो. उलट्या टबावर बसवेना. ही गादी मऊ होती. लोकर वर करून घेतली की जरा बरं वाटायचं. पण नुसतं बसल्याने गादीला काय होणार होतं, बाई? या तारा कुठून..."

ते मध्येच थांबले. मग वळून तबेल्यामागे गेले आणि हातात ड्रिल घेऊन आले. ड्रिलच्या टोकाला गंज काढायचा तारेचा गोल ब्रश होता. जुना, अर्धा टक्कल पडलेला. सरांनी त्यातली एक तार उपटली आणि चुंबकावरच्या तारांशेजारी धरली. तीच लांबी, तोच वाक.

"फिरताना उडत असणार," ते पुटपुटले. "मांडीवर पडायच्या, उठलो की गादीत सांडायच्या. माझी विजार जाड. मला कधी टोचलं नाही."

"तिला टोचलं," झिपरी म्हणाली.

"हो. आणि मी तिला वेडी ठरवून मोकळा झालो." सरांनी शर्टाच्या बाह्या दंडापर्यंत वर सारल्या. "आणा ती गादी इकडे!"

सगळ्यांनी मिळून ती पुन्हा बडवली, झाडली, चुंबकाने विंचरली. मग सरांनी आपला उघडा हात लोकरीखाली घातला आणि वकिलाला वर बसायला सांगितलं. हात पुढे सरकवत, वकिलाला उचलून बसवत, त्यांनी सगळी गादी आपल्या कातडीवर तपासली. एकदा "स्स!" केलं, तार काढली आणि पुढे चालू ठेवलं.

"साफ!" शेवटी ते म्हणाले.

"मग आता बसून दाखव, पोरी," वखारवाले काका म्हणाले. "म्हणजे माझाही निकाल लागेल. अंधार पडायच्या आत मला परत सोडा म्हणजे झालं."

गादी दिसली मात्र, राई दोराच्या टोकापर्यंत मागे गेली. काल नुसता एक वास घेऊन उभी राहणारी राई! झिपरीने पहिल्यापासून सुरुवात केली. घडी पोटाशी. वास. मान. खांदा. सगळे कठड्याला टेकून बघत होते. गादी पाठीवर टेकली तेव्हा राईच्या कातडीवरून एक लाट गेली, पण ती उभी राहिली. तंग आवळू दिला. फेरी मारली. झिपरीने दोन्ही हात गादीवर ठेवून हळूच भार दिला. राईने श्वास रोखून धरला.

झिपरीने हात काढून घेतले.

"आज मी नाही बसत," ती म्हणाली.

"अगं वेडे!" वकील तिच्या कानाशी कुजबुजला. "जिंकलेली केस हरशील! बस आणि मोकळी हो!"

"ती बसू देईल रे, पण घाबरून. वजन आलं की टोचतं, एवढंच तिला माहीत आहे आता. तिने एकदा सांगून पाहिलं, आपल्याला कळलं नाही. आता पुन्हा सांगतेय आणि आज तर मला कळतंय." तिने मावशीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "मावशी, मला माहीत आहे शनिवार आहे ते. पण आज नाही."

मावशी कठडा ओलांडून आत आली. तिने तंग सोडला, गादी उतरवली आणि राईच्या ओल्या मानेवर हात ठेवला.

"काका, माफ करा, तुम्हाला उगाच इथवर आणलं. राई कुठे जाणार नाही. बिघाड तिच्यात नव्हताच."

काकांनी भुवयांवरचा भुसा झटकला. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी चुंबकावरची एक तार दोन बोटांत धरून नीट पाहिली.

"आमच्याकडेही असंच असतं," ते म्हणाले. "हात फिरवला तर फळी गुळगुळीत वाटते. कुसळ कुठे आहे, ते भार टाकल्यावरच कळतं. या पोरांची नजर चांगली आहे, बाई! घोडी राहू द्या. माझी गाडी मी दुसरं काहीतरी जुंपून ओढीन."

"पण तुम्ही, सर," मावशी वळून म्हणाली, "आता टेम्पोत बसायचं आणि थेट डॉक्टरांकडे!"

"बसायचं?" सर घाबरून म्हणाले. "पालथं झोपून आलं तर चालेल का?"

या वेळी मात्र सगळेच हसले, सरसुद्धा.

पुढचे कितीतरी दिवस झिपरी रोज गादी घेऊन राईकडे जात राहिली. कधी नुसता वास, कधी नुसता हाताचा भार. एके दिवशी ती पुन्हा पोत्यासारखी आडवी पडली. आणि एका सकाळी तिने पाय पलीकडे टाकला, अलगद बसली, तेव्हा राईने रोखलेला श्वास सोडला, मान खाली घातली आणि सांगायच्या आधीच चालू लागली. वकील दोर धरून पुढे होता. त्याने हरकत घेतली नाही.

सुट्टी संपायच्या सुमारास लहान मुलांचा वर्ग सुरू झाला. कठड्याशी मुलांचे आईवडील गोळा झाले होते. राईच्या पाठीवर एक चिमुरडी बसली होती. इतकी लहान, की तिचे पाय गादीच्या खालीसुद्धा पोचत नव्हते. एका बाजूला झिपरी, एका बाजूला टिंगू. दोर आज सरांच्या हातात होता.

"नीट ऐका!" सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझ्या वर्गात एक नवा नियम आहे. घोडा बिथरला, तर त्याला नावं ठेवायची नाहीत. आधी त्याच्या पाठीवर काय घातलंय ते काढायचं, उलटं करायचं आणि आपल्या अंगावर घालून बघायचं. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मला या तिघांनी शिकवलं."

वकिलाने लगेच सरांसारखी पाठ ताठ केली.

मावशी दारात उभी राहून फोनवर झिपरीच्या आईशी बोलत होती. "अगं, आठ दिवसांनी शाळा सुरू होतेय ना? मग इतक्यात कशाला न्यायला येतेस? मला लागताहेत ती इथे," ती म्हणाली आणि फोन कानाशी तसाच धरून रिंगणाकडे बघत राहिली.

"चल, राई," झिपरी हळूच म्हणाली. राईने एक कान चिमुरडीकडे वळवला, तिचं एवढंसं वजन पाठीवर नीट तोललं आणि जपून पहिलं पाऊल टाकलं.